श्वास रोखायचा की नुसता लांबवायचा?

“ब्रीदवर्क, म्हणजे श्वासाचे व्यायाम, सुरू करायचेत, कुठून करू?” असं विचारणाऱ्याला लोक एका दमात दहा नावं ऐकवतात. त्यातली काही सुरुवातीलाच बाजूला ठेवलेली बरी. विम हॉफ पद्धत काय किंवा होलोट्रॉपिक ब्रीदवर्क काय, दोन्हींत श्वास मुद्दाम जोरात आणि भराभर घ्यायचा असतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड झपाट्यानं उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. अनेकांना त्यातून तरतरी येते, नाही असं नाही. पण तुम्हाला हवीय शांतता. शिवाय पाण्यात असताना असा भराभर श्वास घेणं जिवावर बेतू शकतं.

उरतात त्या संथ पद्धती. खरी निवड दोन घराण्यांत आहे: श्वास रोखणारं आणि न रोखणारं. पहिल्याची प्रतिनिधी म्हणजे बॉक्स ब्रीदिंग, अमेरिकी नौदलाच्या नेव्ही सील्स या कमांडोंमुळे गाजलेली. चार आकडे मोजत श्वास घ्या, चार रोखा, चार सोडा, चार पुन्हा रोखा; आकडा म्हणजे साधारण एक सेकंद. दुसऱ्यात नुसता उच्छ्वास लांबवायचा, म्हणजे घ्यायला चार, सोडायला सहा. मी दोन्ही बरेच दिवस आलटून पालटून केल्या आहेत, त्यामुळे पुढचं सगळं त्याच अनुभवावर बेतलेलं आहे. तुमचं शरीर वेगळं निघू शकतं.

आधी बॉक्सचं कौतुक, कारण ते तिला मिळायलाच हवं. डोक्यात विचारांचा गोंधळ असतो तेव्हा तिच्यासारखी पकड दुसऱ्या कशाची नाही. चार बाजू सांभाळायच्या म्हटल्यावर मनाला इकडेतिकडे पळायला फुरसत मिळत नाही. महत्त्वाच्या मीटिंगआधी, मुलाखतीच्या दाराबाहेर बसलेले असताना, दोन-तीन मिनिटांत माणूस जागेवर येतो. शांत होतो, पण सुस्तावत नाही.

माझं तिच्याशी बिनसलं ते चौथ्या बाजूवर. भरल्या छातीनं थांबणं सोपं असतं. श्वास सोडून झाल्यावर, रिकाम्या छातीनं थांबणं ही वेगळीच गोष्ट. ‘दोन’पर्यंत ठीक चालतं. ‘तीन’ला घसा आवळतो, उगाच आवंढा गिळावासा वाटतो. ‘चार’ येईपर्यंत खांदे नकळत वर गेलेले असतात आणि पुढचा श्वास मी घेत नाही, ओढतो. तो ओढलेला श्वास पुढच्या फेरीची पहिली बाजू बिघडवतो. मोजणी दाखवणाऱ्या अ‍ॅपमधला ठिपका मात्र आपला त्याच वेगानं चौकटीभोवती फिरत असतो. त्याचं काय जातंय!

यामागचं कारण साधं आहे. श्वास घ्यावासा वाटण्याची ऊर्मी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे येते, ऑक्सिजन त्या वेळी पुरेसा असतो. म्हणजे धोका काहीच नसतो. पण हे माहीत असून उपयोग होत नाही, कारण शरीर घंटा वाजवायची ती वाजवतंच. आणि ज्याला ताण आला की “श्वास पुरत नाहीये” असंच वाटतं, त्याच्यासाठी ही घंटा नेमकी ओळखीची आणि नको असलेली. शांत व्हायला बसायचं आणि दर सोळा सेकंदांनी तीच घुसमट चाखायची, हे मला तरी पटेना. योगाच्या पारंपरिक शिकवणीतही पूरक-रेचक, म्हणजे श्वास घेणं-सोडणं, स्थिरावल्यावरच सहसा कुंभकाकडे, म्हणजे श्वास रोखण्याकडे, वळतात, त्यामागे असंच काही शहाणपण असावं.

बाजू तीन-तीन आकड्यांची करून किंवा चौथी गाळून काम भागतं. सवयीनं त्रास कमी होतो, आणि काहींना तीच रिकामी जागा सगळ्यांत जास्त आवडते. अशा लोकांशी माझा वाद नाही. अमेरिकेच्या डॉ. अँड्र्यू वाइल यांनी लोकप्रिय केलेली ४-७-८ पद्धतही (चार घ्या, सात रोखा, आठ सोडा) याच घराण्यातली. तिच्यात सात आकडे रोखायचं असतं, पण छाती भरलेली असल्यानं तितकं जाचत नाही. रात्री आडवं पडून चार फेऱ्या करायला ती चांगली आहे. दिवसा मला जड वाटते.

आता दुसरं घराणं. चार घ्या, सहा सोडा, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. एरवी मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेले असताना बारा ते वीस होतात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. हे मंदावणं व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणारी एक नस, घडवून आणते. हा चढउतार बहुतेकांमध्ये मिनिटाला सहाच्या आसपास श्वास असताना सर्वांत ठळक होतो. खात्री करायची तर मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास सोडा. ठोक्यांमधलं अंतर वाढलेलं बऱ्याच जणांना बोटांखालीच कळतं. मला हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हापासून या पद्धतीवर जरा जास्तच विश्वास बसला.

तिच्यातही दोष आहेत. पहिला म्हणजे कंटाळा. धरून ठेवायला काही नसल्यामुळे मन तिसऱ्या-चौथ्या श्वासाला बाहेर. दुसरा, लोक ‘दीर्घ’ म्हणजे ‘मोठा’ समजून छाती फुटेस्तोवर हवा भरतात आणि मग चक्कर येते म्हणतात. श्वास संथ हवा, मोठा नको. सहा आकड्यांपर्यंत श्वास पुरत नसेल तर घ्यायला तीन, सोडायला चार असं सुरू करा.

कंटाळ्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे भ्रामरी. गुणगुणत श्वास सोडला की मोजायचंच राहत नाही. आवाज सरळ चालू असतो, मग शेवटाकडे किंचित थरथरतो, तिथं थांबायचं. जबरदस्ती कुठं सुरू होते हे आकड्यांपेक्षा आवाज प्रामाणिकपणे सांगतो. अडचण एवढीच की चारचौघांत करता येत नाही. अनुलोम-विलोमही उत्तम, पण दिवसभरात नाकपुड्या आलटून पालटून थोड्या बंद होतच असतात. त्यात सर्दी झाली की सगळं लक्ष नाकाकडेच.

अभ्यासांचं म्हणाल तर २०२३ मध्ये ‘सेल रिपोर्ट्स मेडिसिन’मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक प्रयोग आला होता: रोज पाच मिनिटं, महिनाभर. त्यात बॉक्स होती, माइंडफुलनेस ध्यान होतं, आणि नाकानं लागोपाठ दोनदा श्वास घेऊन तोंडानं लांब सोडण्याचा प्रकारही होता. चिंता सगळ्याच गटांत कमी झाली, मनःस्थिती सर्वाधिक सुधारली ती या लांब सोडणाऱ्यांची. एका प्रयोगावरून निकाल लावू नये हे कबूल. तरी वाचून बरं वाटलं.

तेव्हा कामाच्या आधी डोकं जागेवर आणायचं असेल तर बॉक्स खुशाल घ्या. रोजची सवय म्हणून, विशेषतः स्वभाव चिंतेचा असेल, तर मी लांब उच्छ्वासाकडे बोट दाखवीन. पाच मिनिटं पुरेत, पाठ टेकलेली चालते. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्यानं उलट अस्वस्थ वाटत असेल तर डोळे उघडे ठेवा आणि तळपाय जमिनीला कुठं टेकलेत ते बघा. रक्तदाब, हृदयविकार, फिट येणं किंवा गरोदरपण असेल तर रोखण्याचे आणि भराभर श्वासाचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.