फ्रॉस्ट क्लॉथचा एक हिवाळा : साडेसहा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी फ्रॉस्ट क्लॉथ, म्हणजे थंडीपासून वाचवण्यासाठी रोपांवर घालायचे कापड, विकत घेतले आणि एप्रिलच्या मध्यावर ते धुऊन, वाळवून गॅरेजमध्ये ठेवले. आम्ही न्यू जर्सीच्या मध्य भागात राहतो. घरामागे चार बाय आठ फुटांचे दोन वाफे आहेत. उन्हाळ्यात त्यांत भेंडी, मिरची आणि दुधी भरपूर होतात, परंतु ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पहिला फ्रॉस्ट (पाने गोठवणारे हिमतुषार) पडला की एका रात्रीत सगळे काळे पडते. त्यानंतरही पालक, कोथिंबीर आणि मेथी घरचीच मिळावी, एवढ्याच अपेक्षेने ही खरेदी केली होती.

हे कापड म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचे न विणलेले, सच्छिद्र आच्छादन असते. त्यातून पाऊस आत झिरपतो आणि उजेडही काही प्रमाणात पोचतो. ज्या रात्री आकाश निरभ्र असते आणि वारा पडलेला असतो, त्याच रात्री फ्रॉस्टचा धोका अधिक, कारण दिवसभर मातीत साठलेली ऊब तेव्हा विनाअडथळा वर निघून जाते. कापड तीच ऊब काही काळ अडवून धरते. स्वतः उष्णता निर्माण करत नाही. म्हणून ते चारही बाजूंनी जमिनीपर्यंत पोचले पाहिजे आणि कडांवर विटा ठेवल्या पाहिजेत. झाडाच्या डोक्यावर टोपीसारखे टाकून उपयोग होत नाही. याआधी मी जुन्या चादरी आणि आईची दोन सुती पातळे वापरून पाहिली होती. ती पावसात भिजून जड होत, पहाटे कडक होत आणि रोज सकाळी काढावी लागत. त्या कटकटीतून या कापडाने नक्कीच सुटका केली.

वेष्टनावर आत बाहेरच्यापेक्षा आठ अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त ऊब राहील असे छापलेले होते. मी एक तापमापक आत आणि एक बाहेर ठेवून अनेक दिवस नोंदी केल्या. नोव्हेंबरमधल्या एका पहाटे बाहेर 27 अंश (सुमारे उणे 3 सेल्सिअस) होते, तेव्हा आत 32 होते. बहुतेक रात्री फरक चार ते पाच अंशांचाच राहिला आणि वारा असलेल्या रात्री तर जेमतेम दोन. पालकाला आणि कोथिंबिरीला एवढा आधार पुरला. मेथी मात्र नोव्हेंबरअखेर गेली.

माझी खरी चूक कापडाच्या जाडीत झाली. जितके जाड तितके चांगले, अशा आपल्या रजईच्या हिशेबाने मी चौरस मीटरला 50 ग्रॅम वजनाचे कापड निवडले. त्यातून सुमारे निम्माच उजेड आत जातो. आमच्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत दिवस दहा तासांहून लहान असतो आणि त्या काळात पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. त्यात उजेड निम्मा केल्यावर कोथिंबीर फिकट आणि लांबट झाली. पुढे लक्षात आले की कापड कोणतेही असो, त्या दोन महिन्यांत रोपे वाढत नाहीत, केवळ तग धरतात. त्यामुळे हिवाळ्यात खुडायचा पाला ऑक्टोबर संपण्यापूर्वीच तयार झालेला हवा, म्हणजेच पेरणी ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उरकायला हवी. मी ती सप्टेंबरअखेर केली होती आणि त्याचा दोष कापडाला देता येणार नाही.

कमानींचा खर्च वेगळा धरावा. सुरुवातीला मी कापड थेट रोपांवर पसरले, तेव्हा जिथे पान कापडाला टेकले तिथेच ते करपले. मग तारेच्या कमानी लावल्या, त्या जानेवारीतल्या ओल्या बर्फाच्या भाराने वाकल्या. अखेर अर्ध्या इंची पीव्हीसी नळ्या वाकवून लावल्या आणि त्या टिकल्या. तरीही प्रत्येक बर्फानंतर झाडूने कापड झटकावे लागे, आणि ते काम घरात इतर कोणाला आवडत नाही.

कढीपत्ता आणि मोगरा यांच्यासाठी हे कापड नाही, हे स्पष्टच सांगतो. रात्रीचे तापमान 50 अंशांच्या खाली जाऊ लागले की त्या कुंड्या घरातच न्यायच्या. लसणालाही त्याची गरज भासली नाही. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या पाकळ्यांवर अंगणातला मॅपलचा पाचोळा वीतभर पसरला होता, तेवढ्यावर तो उत्तम उगवला.

खरा लाभ मार्चमध्ये दिसला. फेब्रुवारीत दिवस मोठा होताच पालकाच्या जुन्या मुळांना नवी पाने फुटली आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, शेजाऱ्यांच्या वाफ्यांत अजून मातीच दिसत असताना, आमच्याकडे डाळपालक झाली. एप्रिलमध्ये मात्र दोन उन्हाच्या दिवशी कापड काढायचे राहिले, आत उकाडा झाला आणि उरलेल्या कोथिंबिरीला तुरे आले.

सध्या कापडाला खारींनी पाडलेली तीन भोके आहेत आणि विटांखालच्या कडा विरल्या आहेत. आणखी एक हिवाळा निघेल असे वाटते. पुढच्या खेपेस मी 30 ग्रॅमचे घेईन, ज्यातून सुमारे 70 टक्के उजेड जातो, आणि हे जाड कापड केवळ कडाक्याच्या रात्री त्यावर दुसरा थर म्हणून टाकीन.