लंडनच्या एफएमएफचं एनटी प्रमाणपत्र, बार्शीतून घेतलेलं

मी रेडिओलॉजिस्ट. बार्शीत अठरा वर्षं स्वतःचं सोनोग्राफी सेंटर चालवते. सेंटरमध्ये काही गोष्टी ठेवाव्याच लागतात: पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी आणि कुणी मागितली तर दाखवायला कायद्याची प्रत. एक कागद मात्र कुणी मागितला नसताना मी आणला. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनचं, म्हणजे आपल्यात ज्याला नुसतं एफएमएफ म्हणतात त्यांचं, एनटी स्कॅनचं, म्हणजे पोटातल्या बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजण्याच्या तपासणीचं, प्रमाणपत्र. ‘मॅडम, घेण्यासारखं आहे का?’ असं ज्युनियर मुलं सारखी विचारतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

कुणी मागितला नसताना असं म्हटलं खरं, पण टोचणी होतीच. डबल मार्करचं, म्हणजे एनटीच्या जोडीने डाउन सिंड्रोमचा धोका काढायच्या तपासणीचं, रक्त लॅबला पाठवताना सोबतच्या फॉर्मवर सोनोग्राफी करणाऱ्याचा एफएमएफ आयडी लिहायचा रकाना असतो. तो मी कित्येक वर्षं रिकामाच सोडत होते. रिपोर्ट यायचेही. मग एके दिवशी एका लॅबमधल्या मुलीने फोन करून फार गोड आवाजात विचारलं, ‘मॅडम, एनटी नेमकी कुणी मोजलीय?’ तो प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला.

आधी पैशांचं सांगते, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. कोर्स ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. ही १९९५ साली सुरू झालेली धर्मादाय संस्था, प्रा. किप्रोस निकोलाईडीस यांची. ११ ते १३ आठवड्यांच्या बाळाच्या मानेमागच्या पाण्याची पट्टी मोजून डाउन सिंड्रोमचा धोका काढता येतो, हे १९९२ मध्ये मांडणाऱ्यांत तेच पुढे होते. नुसत्या आईच्या वयावरून गेलं तर डाउन सिंड्रोमच्या शंभर बाळांतली तीसेक हाती लागतात. त्यात एनटी धरली तर पंचाहत्तरच्या आसपास, आणि डबल मार्करची जोड दिली की नव्वदच्या घरात. शंभर निरोगी गर्भांमागे पाचांना उगाच घाबरवण्याची किंमत मोजून, अर्थात. हा आकडा मी पेशंटला नेहमी सांगते. आकडा न सांगता ‘स्कॅन नॉर्मल’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

कोर्स झाला की तुम्ही स्वतः काढलेले एनटीचे तीन फोटो पाठवायचे. लंडनमध्ये ते कुणीतरी तपासतं. मला वाटलं, त्यात काय, आजवर हजारो एनटी केल्यात. पहिल्या खेपेला तिन्ही परत आले.

कॉम्प्युटरसमोर बसून ते फोटो मी परक्याचे असल्यासारखे पाहिले. पहिल्यात बाळाची हनुवटी छातीला टेकलेली. मान अशी वाकली की माप ०.४ मिलिमीटरपर्यंत कमी येतं, मागे ताणली की ०.६ पर्यंत वाढतं. ८४ मिलिमीटर लांबीच्या बाळाचं मधलं माप १.९ आणि ९५ वं शतमान (शंभरातल्या पंचाण्णव बाळांचं माप याच्या आत असतं) २.७, म्हणजे दोहोंत अंतर जेमतेम ०.८ चं. त्यात ०.६ इकडेतिकडे! दुसऱ्या फोटोत बाळ स्क्रीनवर चिमुकलं. नियम असा की डोकं आणि छातीचा वरचा भाग यांनीच सगळा स्क्रीन भरला पाहिजे आणि कॅलिपर (माप घ्यायची स्क्रीनवरची खूण) अगदी थोडा हलवला तर माप ०.१ नेच बदललं पाहिजे. (आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट: एवढं झूम केलं की बाळाचा खालचा भाग फ्रेममध्ये येतच नाही, त्यामुळे फोटो बाहेर पाठवताना त्या बाजूने निर्धास्त. पेशंटचं नाव मात्र झाकायचंच.)

तिसऱ्या फोटोने खरी नांगी मोडली. मान सरळ, झूम बरोबर, बाळ बरोबर मध्यावर कापलेलं, नाकाचं टोक दिसतंय. चूक कॅलिपरची. अधिकाच्या चिन्हाची आडवी रेघ मी काळ्या पाण्यात ठेवली होती. ती पांढऱ्या रेषेवर अशी बसली पाहिजे की त्या पांढऱ्यात विरघळून जवळजवळ दिसेनाशी व्हावी. वर माझा गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, चढवलेला. गेन जास्त असला की पांढरी रेघ फुगते, कडा धूसर होते, त्या धूसर कडेवर कॅलिपर बसतो आणि माप कमी भरतं. मशीन आलं तेव्हा कंपनीच्या इंजिनियरने जो प्रीसेट लावून दिला, त्यावरच मी वर्षानुवर्षं एनटी मोजत होते. चित्र छान उजळ दिसायचं, पेशंटचे नातेवाईकही खूश. त्या संध्याकाळी जुने रिपोर्ट उघडून बसले, आणि पुढे बघवेना म्हणून बंद केले.

तर माझ्या लेखी या संस्थेचं मोल एवढंच आणि एवढं मोठं. एमडी झाल्यापासून माझ्या हाताचं काम तिऱ्हाइताने कधी तपासलं नव्हतं. पीसीपीएनडीटीच्या तपासणीला येणारे साहेब फॉर्म एफ (प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद) बघतात, सही-तारीख बघतात, मशीनचा नंबर जुळवतात. एनटी कशी मोजली हे बघणं त्यांचं कामच नाही. एनएबीएचचं (रुग्णालयांचा दर्जा तपासणारी संस्था) मानांकन घेतलेली सेंटर्स मी पाहिलीत. तिथे सगळं शिस्तीत असतं, पण तो मान संस्थेचा. माझी भाची अमेरिकेत सोनोग्राफर आहे. तिकडे हा वेगळा पेशाच आहे, आपल्याकडे प्रोब डॉक्टरनेच धरायचा. तिने एआरडीएमएसची, म्हणजे तिकडच्या सोनोग्राफरांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, परीक्षा दिली तेव्हा भौतिकशास्त्राच्या पेपरातच दोन तासांत ११० प्रश्न, आणि पास व्हायला ७०० पैकी ५५५. मला ते जमलं नसतं. पण तो पेपर कॉम्प्युटरवर पर्याय निवडायचा. माझा कॅलिपर काळ्यात बसतो, हे तिथे कुणाला दिसलं असतं?

आता खोट काय ते. तीन फोटो म्हणजे तीनच. महिनाभरात शंभर एनटी केल्या आणि त्यातले देखणे तीन निवडून पाठवले, तर उरलेल्या सत्त्याण्णवांचं काय? यावर संस्थेने उपाय ठेवलाय तो दरवर्षीच्या ऑडिटचा. तुमची मापं बाळाच्या लांबीनुसार मांडून बघायची. हात नीट असेल तर साधारण निम्मी मधल्या मापाच्या वर पडतात, निम्मी खाली. माझी पहिल्या वर्षी बरीचशी खाली गेली. गेन कमी केला होता, पण हाताची सवय जायला वेळ लागतो. प्रमाणपत्रापेक्षा हे ऑडिट मला जास्त मोलाचं वाटतं, आणि लोक नेमकं तेच टाळतात. एका मोठ्या गावातल्या सेंटरच्या बोर्डवर ‘एफएमएफ सर्टिफाइड’ ही अक्षरं मी पाहिलीत आणि आयडीची मुदत कधीच संपलेली आहे, हे मला माहीत आहे. बोर्ड अजून आहे.

आणखी एक गैरसमज. हे प्रमाणपत्र म्हणजे सोनोग्राफी करायचा परवाना नव्हे. आपल्या कायद्यात त्याला काही स्थान नाही. एमबीबीएसवाल्यांना २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं, ३०० तासांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. लंडनचा कागद दाखवून ते टळत नाही. एका होतकरू मुलाला हे समजावताना माझा चहा गार झाला.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो तीन फोटोंपायी. पाच का नाहीत आणि दहा का नाहीत, हे त्यांनाच विचारावंसं वाटतं.

दुसऱ्या खेपेला दोन फोटो लगेच जमले. तिसऱ्यासाठी वैरागहून आलेली एक मुलगी होती, पहिलटकरीण, साडेबारा आठवडे. बाळ पालथं, हनुवटी छातीत, हलायचं नाव नाही. पूर्वीची मी असते तर जसं दिसतंय तसं मोजून मोकळी झाले असते. बाहेर बाकावर अठरा पेशंट होते आणि आमच्या मावशी दारातून डोकावून घड्याळाकडे बघत होत्या. मी तिच्या पोटावरचं जेल पुसलं आणि म्हटलं, ‘जा, भगवंताच्या देवळापर्यंत चालून ये, येताना उसाचा रस पी.’ तिच्या सासूबाईंना वाटलं काहीतरी बिघडलंय. पाऊण तासाने ती परत आली तेव्हा बाळ उताणं होतं, मान सरळ. माप १.६.