सिग्नल हिरवा करणारी डबी: एक तारा, तोही नाइलाजाने

'सिग्नल चेंजर' म्हणून ऑनलाइन विकली जाणारी ही डबी म्हणजे 12 व्होल्टचा इन्फ्रारेड फ्लॅशर. गडद लाल अ‍ॅक्रिलिकमागे एलईडीच्या ओळी, काचेला चिकटवायचा रबरी कप आणि लायटर सॉकेटची वायर. चालू आहे की नाही ते डोळ्यांना कळत नाही. मोबाइलचा कॅमेरा धरला तर जांभळट लुकलुक दिसते. उष्णता अडवणारी काच असेल तर बराचसा प्रकाश आतच अडकतो.

कल्पना थाप नाही. अमेरिकेत बंब आणि अ‍ॅम्ब्युलन्सवरचा दिवा सेकंदाला सुमारे 14 वेळा लुकलुकतो, बसचा सुमारे 10 वेळा. आडव्या खांबावरचा रिसीव्हर ते टिपून कोपऱ्यातल्या पेटीतल्या कंट्रोलरला कळवतो. तोही लगेच हिरवा देत नाही. आधी दुसऱ्या रस्त्याचा पिवळा, मग लाल. नंतर पुढच्या-मागच्या सिग्नलांचा मेळ बसायला काही फेऱ्या जातात. म्हणून तिथे 2005 साली फेडरल कायदा झाला: अधिकार नसलेल्याला डबी विकली तर 1 वर्षापर्यंत, अधिकार नसताना वापरली तर 6 महिन्यांपर्यंत कैद. नव्या यंत्रणेत गाडीचा कोडही तपासता येतो. मग नुसती लुकलुक तिथेही फुकट.

आता आपल्याकडचं. आपल्या चौकात सिग्नलला थांबलात की वर बघा. रस्त्याकडे तोंड केलेली छोटी काळी नळी हवी; सीसीटीव्हीचा घुमट म्हणजे रिसीव्हर नव्हे. नळी नसेल तर डबी कुणाशी बोलणार? ठरलेल्या सेकंदांवर चालणाऱ्या सिग्नलला समोर कोण आलंय याचं सोयरसुतक नसतं. विक्रेत्याच्या व्हिडिओत काउंटडाउनचा आकडा दिसतो का, तेही तपासा. शेवटच्या चार सेकंदांना बटण दाबलं तर कुणाचाही सिग्नल हिरवा होईल!

मोटार वाहन कायद्यात या डबीचं नाव घेऊन कलम नाही, पण तेवढ्यावर खूश होऊ नका. डबीच्या भरवशावर लाल सिग्नल तोडलात तर कलम 184: पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा दोन्ही. सोबत 'पोलिसी' लाल फ्लॅशर दिला असेल तर तो पुढे लावूच नका. केंद्रीय नियम 108 प्रमाणे गाडीच्या पुढे लाल दिवा चालत नाही.

मागवलीच असेल तर सील न फोडता रिटर्न टाका. कारण निवडताना 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' हे लिहा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा.