एसटी थांब्यावरच्या हॉटेलातील ‘फॅमिली रूम’

एसटीच्या जेवणथांब्यावरील या हॉटेलाची मिसळ झणझणीत असून तर्री न मागता दुसऱ्यांदा मिळते. पदार्थांबाबत माझी काहीच तक्रार नाही. (नाव मुद्दाम लिहीत नाही, अशी हॉटेले प्रत्येक रस्त्यावर आहेत.) प्रश्न आहे तो जागेच्या वाटपाचा. दर्शनी भागात, जिथे वारा येतो आणि बस डोळ्यांसमोर राहते, तिथली जवळजवळ सगळी टेबले पुरुषांनी व्यापलेली असतात. मी एकटीच तिथे बसले, तेव्हा फडके मारता मारता वेटरने “ताई, आत फॅमिलीत बसा ना,” असे अदबीने सुचवले. ही ‘फॅमिली रूम’ म्हणजे भटारखान्याला लागून प्लायवुडचे पार्टिशन टाकलेली, बिनखिडकीची खोली असून, तिथे बसचा हॉर्न ऐकू येत नसल्यामुळे बायका घाईघाईने घास गिळतात आणि त्यांच्यातली एखादी सारखी पडदा सारून बाहेर डोकावते.

मुतारी पुरुषांना फुकट आहे, स्त्रियांना मात्र पाच रुपये मोजून गल्ल्यावर चारचौघांसमोर किल्ली मागावी लागते. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची, चळवळ उभी राहिली, ती अशाच भेदाविरुद्ध. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे तिकीट झाले आणि या थांब्यावर उतरणाऱ्या बायका डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या. मालकाने त्यावर आतल्या खोलीत आणखी दोन टेबले कोंबली.

मिसळीला चार तारे, बैठकीला दीड. पुढच्या वेळीही मी दारातल्याच टेबलावर बसणार आहे.