घासाघीस की वाटणी? मुलांच्या जेवणाच्या दोन पद्धती

आमच्या घरात दोन्ही पद्धती होऊन गेल्या आहेत. थोरल्यावर साडेसहा वर्षं पहिली चालली, मग दुसरी. धाकटीवर सुरुवातीपासून दुसरीच. म्हणजे माझा सगळा अनुभव दोन मुलांचा, आणि मी काही तटस्थ पंच नाही, हे आधीच सांगून टाकतो. भाज्या द्या, साखर आवरा, खेळायला पाठवा, हे सगळ्यांना पाठ आहे. प्रश्न असतो तो ताट समोर आल्यावर काय करायचं याचा.

पहिली पद्धत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी सोसलेली आहे. मोठ्यांनी वाढायचं, वाढलेलं संपवायचं, भाजी संपली तर गोड मिळणार. आणि मूल जरा गुबगुबीत दिसायला लागलं की वाढणाऱ्या त्याच हातानं ताट मागे ओढायचं: "आता पुरे." दुसरी पद्धत एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात मांडली. ती म्हणजे कामाची वाटणी. काय शिजणार, केव्हा आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय खायचं आणि किती, हे मुलानं. एकानं दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही. ऐकायला इतकं सोपं आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो.

पहिलीला उगाच नावं ठेवणार नाही. पोटात काय गेलं ते कळतं, जेवण लवकर उरकतं, अन्न वाया जात नाही, आजी-आजोबांचा जीव भांड्यात पडतो. आणि आमिष नेहमी वाईटच असतं असंही नाही. ब्रिटनमध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना नावडत्या भाजीचा इवलासा तुकडा नुसता चाखल्याबद्दल स्टिकर देऊन पाहिलं, तर ती भाजी त्यांना पुढे जास्त आवडायला लागली. फक्त तिथे बक्षीस खाण्याचं नव्हतं, आणि काम ताट संपवण्याचं नव्हतं, नुसतं चाखण्याचं होतं. आम्ही दोन्ही उलटं करत होतो.

माझं मन फिरलं ते कुठलं संशोधन वाचून नाही. एका प्रश्नानं फिरलं: "अजून किती?"

थोरला टेबलाशी बसायचा, ताटाकडे बघायचा आणि एकही घास घेण्याआधी विचारायचा, "बाबा, अजून किती?" मी म्हणायचो दहा. तो म्हणायचा चार. सौदा सातवर तुटायचा. मग सातातला एक घास किती मोठा धरायचा यावर वाद. मटार असले की ते ताटाच्या काठाला एका रांगेत लावून, "हे सगळे मिळून एक घास" असा युक्तिवाद. घास या शब्दातूनच घासाघीस निघाला असावा अशी माझी खात्री पटत चालली होती. एका रात्री दात घासायला उभा राहिला आणि गालातून गाजराचा चावलेला गोळा निघाला. जेवण होऊन पाऊण तास झाला होता. त्यानं तो गिळला नव्हता, थुंकलाही नव्हता, कारण सातवा घास "घेतला" होता आणि गोड मिळालं होतं. करार त्यानं अक्षरशः पाळला होता.

एवढ्या वर्षांत "पोट भरलं" असं तो कधी म्हणालाच नव्हता, हे मला त्या रात्री लक्षात आलं. तो म्हणायचा, "झाले सात." कधी थांबायचं हे त्याला पोट सांगत नव्हतं, मी सांगत होतो.

नंतर वाचलं तर हे जुनंच निघालं. अमेरिकेतल्या लीॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये लहान मुलांच्या दोन गटांवर प्रयोग केला होता. एका गटाचं लक्ष भुकेकडे आणि पोट भरल्याच्या जाणिवेकडे वळवलं, दुसऱ्याचं ताटात किती उरलं आणि बक्षीस काय याकडे. पहिल्या गटातली मुलं आधी भारी काही खाल्लं असेल तर पुढे आपसूक कमी खात. दुसऱ्या गटाचा तो हिशेब सुटला. वयाचाही भाग आहे. २००० सालच्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना जास्त वाढलं तरी ती तेवढंच खात होती, पाच वर्षांची मात्र जास्त वाढल्यावर जास्त खात होती. म्हणजे ही जाण मूल घेऊन येतं आणि मधल्या दोनेक वर्षांत कुठेतरी हरवायला लागतं. आमच्या घरी ती कुठे हरवली हे मला चांगलं ठाऊक आहे.

आता "आता पुरे" या दुसऱ्या टोकाबद्दल. गोड वरच्या फळीवर गेलं तसा थोरला वाढदिवसांना खेळ सोडून केकच्या टेबलाशी उभा राहायला लागला. बाकीची पोरं अर्धा तुकडा टाकून पळायची, हा त्यांच्या उरलेल्या तुकड्यांकडे बघत असायचा. मला लाज वाटायची आणि मी गोड आणखी वर ठेवायचो. समोर दिसणारा पण बंद केलेला पदार्थ मुलांना जास्त हवासा होतो, हेही बर्च आणि त्यांच्या सहकारी फिशर यांनी १९९९ मध्ये दाखवून ठेवलं होतं. आता आमच्याकडे गोड ठरलेल्या दिवशी जेवणाबरोबरच ताटात येतं, एक वाटा, भाजीशी काही संबंध न जोडता. पहिल्या महिन्यात दोघं आधी तेच खायची. आता कधी आधी, कधी शेवटी, कधी अर्धं तसंच.

वाटणीतल्या कटकटी मात्र कुणी आधी सांगत नाही. अन्न वाया जातं, सुरुवातीला तर बरंच. पहिले दहा दिवस थोरल्यानं भाजीला बोटही लावलं नाही आणि एका आवडत्या पदार्थाचा तीनदा वाढून घेऊन फडशा पाडला. मी टेबलाखाली मुठी आवळून बसलो होतो. आणि खरा कस लागतो तो जेवणात नाही, जेवणानंतर. "नको" म्हणून उठलेलं मूल अर्ध्या तासात "भूक लागली" म्हणत येतं. तेव्हा बिस्किटाचा डबा उघडला की पद्धत संपली. पुढचं खाणं अडीच-तीन तासांनी ठरलेलं असतं आणि तोवर पाणी. हे दोनदा-तीनदा निभावलं की सुटतं, पण ते दोन-तीन प्रसंग वाईट असतात. मी एकदा हरलो आहे. घरात मोठी माणसं असतील तर त्यांना आधी विश्वासात घ्या, नाहीतर डबा दुसऱ्या खोलीत उघडतो.

नवीन भाजीबद्दलही धीर धरावा लागतो. साधारण दोन ते सहा या वयात मुलं अनोळखी पदार्थाला बिचकतात, आणि आठ-दहा, कधी पंधरा वेळा थोडंथोडं चाखल्यावर मग आवड लागते. बहुतेक आईबाप तिसऱ्या वेळी "याला आवडत नाही" असा शिक्का मारतात. वाटणीत ती भाजी मुकाट्यानं टेबलावर येत राहते, कारण काय येणार हे आपलं काम.

"मुलाला ठरवू दिलं तर ते फुगेलच" हा आक्षेप सगळ्यांचा असतो, माझाही होता. क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी १९२० आणि ३० च्या दशकांत नुकत्याच अंगावरून सुटलेल्या १५ बाळांना ३४ पदार्थांमधून हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. बाळानं बोट दाखवल्याशिवाय नर्सनं चमचा उचलायचा नाही. बाळं उत्तम वाढली. पण खोच पदार्थांच्या यादीत आहे, हे डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितलं: त्या ३४ मध्ये साखर नव्हती, कारखान्यातलं काही नव्हतं. किती खायचं ते बाळानं ठरवलं, पण कशातून निवडायचं ते मोठ्यांनी आधीच ठरवलं होतं. वाटणी म्हणजे मोकळीक अशी समजूत करून घेणाऱ्यांची गाडी इथे घसरते.

आमचंही तिथेच अडलं होतं. थोरल्याचं वजन जास्त भरायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, मोठ्यांसारखा २५ च्या वर जास्त वजन, ३० च्या वर लठ्ठ असा बघत नाहीत, वय आणि मुलगा की मुलगी यानुसार तक्त्यावर बघतात. त्यांनी तक्त्यावर रेघ दाखवली: पहिल्या वर्षानंतर बीएमआय उतरत जातो आणि साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमाराला पुन्हा चढायला लागतो. म्हणजे नेमक्या ज्या वयात मूल काटकुळं दिसतं ते निरोगी काटकुळं असतं, आणि नेमकं त्याच वयात आपण ताट पुसून घ्यायला लावतो! वजन उतरवायच्या मागे लागू नका, ते आहे तिथे राहू दे, उंची वाढेल तसं जुळेल, असं ते म्हणाले. मग विचारलं, प्यायला काय देता?

मी गप्प. रस रोज, मोठा पेला. ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते हे माहीत होतं, म्हणून कोला बंद होता; फळांच्या रसातली साखर त्याच्या आसपास जाते हे सोयीस्कर विसरलो होतो. घास मोजत होतो आणि पेला मोजतच नव्हतो. रस गेला, जेवताना टीव्ही-मोबाइलचा पडदा बंद झाला, झोपायची वेळ अर्धा तास अलीकडे आली. तिन्ही कामं आमच्या वाट्याची. ताटातलं मी काहीही कमी केलं नाही.

तेव्हा निवडायचं तर? मूल वाढीत मागे पडत असेल, आजारातून उठलं असेल, मधुमेहासारखं काही असेल, तर डॉक्टर सांगतील तसं मोजून वाढा. तिथे माझा अनुभव कामाचा नाही. घरात जेवणाच्या वेळाच ठरत नसतील तर वाटणी जमणं अवघड, आधी वेळा बसवाव्या लागतील. मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर मी पहिलीच्या वाटेला जाणारच नाही. धाकटीला घास मोजतात हे माहीतच नाही. आणि मोठं मूल असेल, रोज सौदे चालू असतील, तर दीड महिना तरी द्या, पहिल्या दहा दिवसांवरून निकाल लावू नका.

थोरला आता नऊचा आहे. मध्यंतरी अर्धं ताट ठेवून उठला, मी सवयीनं ताटाकडे बघितलं, तो म्हणाला, "भरलं." कोबी अजून खात नाही. आज संध्याकाळी पुन्हा कोबीच आहे.