इरलं पांघरलेलं स्टेडियम: दहा महिन्यांचा अनुभव

सिएटलच्या क्लायमेट प्लेज अरेनाचं सीझन तिकीट आम्ही चौघांनी वाटून घेतलं, त्याला दहा महिने झाले. माझ्या वाट्याला क्रॅकन या आइस हॉकी संघाचे अकरा सामने आले. उन्हाळ्यात स्टॉर्म या महिला बास्केटबॉल संघाचे चार सामने आणि दोन कॉन्सर्ट वेगळे पैसे मोजून पाहिले. सुरुवातीला आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता निदान ऑफसाइडचा नियम कळतो. पण खरं सांगू का, मी खेळापेक्षा छपराच्या जास्त प्रेमात पडलोय.

बाहेरून इमारत ठेंगणी दिसते, इरलं पांघरून पावसात बसलेल्या माणसासारखी. यात सतरा हजार लोक मावतात कुठे, असं वाटतं. दारातून आत गेलं की उलगडा होतो. आपण वरच्या काठावर उभे असतो आणि खुर्च्या बारवेच्या पायऱ्यांसारख्या खाली उतरत जातात. तळाचा बर्फ रस्त्यापेक्षा ५३ फूट खोल आहे.

ही बारव दोन टप्प्यांत खणली. १९६२च्या जागतिक प्रदर्शनासाठी वास्तुविशारद पॉल थिरी यांनी हे वॉशिंग्टन राज्याचं दालन म्हणून उभारलं. आत मध्ये एकही खांब नाही. तेव्हा इथे बबलेटर नावाची पारदर्शक गोल लिफ्ट होती, एका खेपेला शंभर माणसं नेणारी. (ती पाहायला मिळाली नाही, याची मला उगाच हळहळ वाटते.) पुढे दालनाचं कोलिझियम झालं, १९६४ मध्ये बीटल्स येऊन गाऊन गेले, १९६७ पासून सुपरसॉनिक्स (थोडक्यात सॉनिक्स) हा संघ इथे बास्केटबॉल खेळू लागला. १९९५ पर्यंत जमीन ३५ फूट खाली नेऊन, एका बँकेचं नाव लावून, कीअरेना तयार झाला. दुसऱ्या खेपेला, २०२१च्या आधी, आतलं जवळजवळ सगळं काढून आणखी खोल खणलं. तोवर सुमारे २० हजार टनांचं छप्पर तात्पुरत्या आधारांवर तोलून धरलं होतं. २०१७ मध्ये शहराने या वास्तूला वारशाचा दर्जा दिला होता, त्यामुळे छपराला हात लावायची सोय नव्हती. खर्च खाजगी कंपनीचा, मालकी मात्र आजही महापालिकेची.

माझ्या ऑफिसातला एक जुना सिएटलकर अजून सॉनिक्सची हिरवी-पिवळी टोपी घालतो. २००८ मध्ये संघ ओक्लाहोमा सिटीला गेला आणि स्टेडियमचा भाडेकरार मुदतीआधी मोडल्याबद्दल शहराला साडेचार कोटी डॉलर मिळाले. त्याला हा आकडा सांगायची चूक मी एकदा केली. तो दिवसभर बोलला नाही.

जानेवारीत बाबा चिपळूणहून आले होते. आत शिरताच त्यांनी मान वर करून विचारलं, "गळत नाही ना?" मी हसलो, पण प्रश्न बिनतोड होता. ५ जानेवारी १९८६ला सॉनिक्स आणि फिनिक्स सन्सचा सामना याच छपरातून गळणाऱ्या पावसामुळे थांबवावा लागला होता. बंदिस्त स्टेडियममध्ये! आता त्याच छपरावरचं पाणी सुमारे ५७ हजार लिटरच्या टाकीत साठवून त्याचा बर्फ करतात, हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे पागोळ्यांचं पाणी धरतात. आम्ही पिंप लावायचो." मग तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडपर्यंत ते खेळाडूंऐवजी बर्फाकडेच बघत होते.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर गाडी नेऊ नका. पहिल्या सामन्याला मी जवळच्या एका खाजगी पार्किंगमध्ये लावली आणि तिथून बाहेर पडायलाच पन्नास मिनिटं गेली. तेव्हापासून बेलव्ह्यू या उपनगरातून बस आणि डाउनटाउनमधून मोनोरेल. तीही १९६२ची, दोन-तीन मिनिटांत सोडते.

स्कोअरबोर्ड मध्यभागी नाही, दोन टोकांना दोन त्रिकोणी आहेत. पहिले दोन सामने मी रिकाम्या मध्याकडेच पाहत बसलो. नंतर लक्षात आलं, मधली जागा मोकळी असल्यामुळेच समोरच्या काचेतून बाहेरची संध्याकाळ दिसते. खालच्या रांगांत जाकीट लागतंच. वरच्या रांगा चढताना गुडघे बोलतात, पण आवाज तिथेच छान भरतो.

पुढच्या हंगामासाठी तिकीट ठेवलंय, फक्त जागा बदलून घेतली: खालच्या कोपऱ्यातून उठून वर, काचेजवळ.