रोलवर रस्ता टिपायचा, तर २८ की ३५?

फिल्मवर रस्त्यावरचे फोटो काढायला एकच वाइड लेन्स घ्यायची असेल, तर गाडी २८ मिमी आणि ३५ मिमीपाशीच येऊन थांबते (आकडा लहान, तेवढी फ्रेम रुंद). फ्रेममध्ये किती मावतं, यावर बहुतेक जण ठरवतात. मी आधी विचारेन: अनोळखी माणसाच्या किती जवळ उभं राहायची तुमची तयारी आहे?

आडव्या फ्रेममध्ये उभा माणूस जेमतेम पूर्ण बसवायचा तर २८ला दोन मीटर पुरतात, ३५ला अडीच लागतात. या अर्ध्या मीटरची किंमत संध्याकाळच्या तुळशीबागेत कळते, कारण मागे सरकायला जागाच नसते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मात्र २८ माणसं बारकी करते आणि फ्रेमभर आभाळ उरतं. तिथे ३५ बरी.

फिल्मवर खरा फरक पडतो तो फोकसमध्ये. जुन्या मॅन्युअल कॅमेऱ्यात चालत्या माणसावर फोकस जुळवेपर्यंत क्षण गेलेला असतो, म्हणून अंतर आधीच लावून ठेवायचं. एफ/८ वर (लेन्सचं छिद्र किती उघडं ते सांगणारा आकडा; तो मोठा, तेवढं छिद्र लहान आणि जास्त खोलीपर्यंत स्पष्ट) २८ मिमी ३.३ मीटरवर लावली, की सुमारे १.७ मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ही अशीच दूरपर्यंत स्पष्ट येईल अशी लावली, तर ही हद्द २.६ मीटरला सुरू होते, म्हणजे माणूस जिथे भेटतो नेमका तोच पट्टा निसटतो. ४०० आयएसओच्या (प्रकाशाला बऱ्यापैकी संवेदनशील) रोलवर भर उन्हात एफ/११ आणि १/१००० सेकंदाचा शटर लावा. २८ची हद्द १.२ मीटरपर्यंत जवळ येते, ३५ची १.९ पर्यंतच. रोल धुऊन येईपर्यंत काही दिसत नाही आणि रोलचे भाव असे, की एकेक फ्रेम जपावी लागते. म्हणून ही खात्री मला सगळ्यात मोलाची वाटते.

२८ शिस्तही मागते. कॅमेरा जरा वर कलला की वाड्यांच्या भिंती आत झुकतात, कडेचे चेहरे ताणले जातात. आणि ‘नंतर क्रॉप करू’ म्हणाल, तर २८ची फ्रेम ३५एवढी कापल्यावर निगेटिव्हचा ६४ टक्केच भाग उरतो, ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे, ठळक होतो.

१९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर गॅरी विनोग्रँड आणि जोएल मायरोवित्झ एकत्र फोटो काढत फिरायचे. विनोग्रँडची ओळख २८शी जोडलेली, मायरोवित्झची ३५शी. तेव्हा कमअस्सल कुठलीच नाही.

चष्मा असेल आणि रेंजफाइंडर (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) घेणार असाल तर ३५च घ्या. लायका एम६ या रेंजफाइंडरच्या नेहमीच्या, दृश्य ०.७२ पट दाखवणाऱ्या फाइंडरमध्ये २८ची चौकट इतकी कडेला असते, की चष्म्यातून एका नजरेत दिसत नाही. लेन्समधूनच बघायच्या एसएलआरवर ही अडचण नाही. तिथे पेठा आणि बाजार हेच तुमचं क्षेत्र असेल तर मी २८ सांगेन.

तरी मन ठरत नसेल, तर एपीएस-सी (फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) डिजिटल कॅमेऱ्याची १८-५५ किट लेन्स काढा. तिथे १८ म्हणजे फिल्मवरची साधारण २८, आणि २३ म्हणजे ३५. एक रविवार ती १८वर चिकटपट्टीने पक्की करा, पुढचा रविवार २३च्या आसपास. स्क्रीन बंदच ठेवा, आणि कुठल्या दिवशी पाय आपोआप पुढे पडले ते बघा.